दादरा-नगर हवेलीचा खटला : हेगच्या न्यायालयानं १९६० साली नेमकं काय ठरवलं?

उत्तरकोकणी (धागाकर्ता)

२ ऑगस्ट जवळ आला की नगर हवेलीचं मुख्य गाव असलेल्या सिल्वासाच्या पोर्तुगीजांपासून मुक्तीच्या पोस्टी फिरायला लागतात. सुधीर फडके, राजा वाकणकर, नाना काजरेकर, विश्वनाथ लवंदे आणि त्यांच्या सोबत्यांनी १९५४ साली काय केलं हे पुढच्या पिढ्यांना कळायलाच हवं. पण त्या पोस्टींच्या शेवटी हमखास एक ओळ असते : 'पोर्तुगाल आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि तिथेही भारत जिंकला.' हेगच्या या न्यायालयात सव्वाचार वर्षं चाललेला खटला त्या एका ओळीत उरकतो. त्यातून जे कळायला हवं ते कळत नाही. गेले काही महिने मी हा निकाल आणि न्यायाधीशांनी जोडलेली स्वतंत्र मतं वाचतो आहे. दोन देशांचं भांडण असं कोर्ट कसं सोडवतं हे समजून घ्यायला मराठी माणसाला याहून जवळचा खटला मिळणार नाही, म्हणून हा धागा.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. दमण समुद्रकाठी. तिथून आत दादरा आणि त्याच्या पलीकडे नगर हवेली. दोन्हींच्या चारी बाजूंनी भारताची हद्द, दोघांच्या मधेही भारताचीच पट्टी. म्हणजे दमणच्या गव्हर्नरला सिल्वासाला जायचं तर भारतातून गेल्याशिवाय गत्यंतर नाही. १९५४च्या जुलैत दादरा पोर्तुगीजांच्या हातून गेलं, २ ऑगस्टला सिल्वासा गेलं. पोर्तुगालला तिथं माणसं आणि फौज पाठवायची होती. भारतानं वाट दिली नाही.

१४ डिसेंबर १९५५ला पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. १९ डिसेंबरला त्यानं हेगच्या न्यायालयाचा अधिकार मान्य असल्याचं घोषणापत्र दिलं. २२ डिसेंबरला भारताविरुद्ध दावा दाखल. इतक्या घाईचं कारण असं की हे कोर्ट कुणालाही समन्स काढून बोलावू शकत नाही. दोन्ही देशांनी आधी कुठेतरी 'तुमचा अधिकार आम्हाला मान्य' असं लिहून दिलेलं असावं लागतं. भारताच्या नावावर तसं घोषणापत्र होतं, तेही ब्रिटिश अमदानीतलं, १९४० सालचं. ते मागे घेतलं जाण्याच्या आत पोर्तुगालला दावा लावायचा होता. भारतानं जानेवारी १९५६मध्ये जुनं घोषणापत्र बदललं, पण तोवर दावा कोर्टाच्या दप्तरी लागलेला होता.

पहिली दोन वर्षं गेली ती केवळ 'हे कोर्ट हा दावा ऐकू शकतं का' यावर. भारतानं सहा प्राथमिक हरकती घेतल्या. घोषणापत्र दिल्यावर तिसऱ्या दिवशी दावा म्हणजे समोरच्याला आपलं म्हणणं ठरवायची संधीच नाकारणं, ही त्यातली एक. नोव्हेंबर १९५७मध्ये कोर्टानं चार हरकती फेटाळल्या आणि दोन मुख्य सुनावणीसोबत ऐकायच्या ठेवल्या. त्याही पुढे फेटाळल्या गेल्या.

यानंतरचा भाग मला सगळ्यात जास्त भिडला. पोर्तुगालनं आपल्या हक्काचं मूळ दाखवलं ते १७७९च्या पुणे दरबाराशी झालेल्या तहात. सवाई माधवरावांच्या नावानं, नाना फडणिसांच्या कारभारातला तह. दमण परगण्यातली बारा हजार रुपये वसुलाची गावं पोर्तुगीजांना लावून द्यायची असं त्यात होतं. पुढे १७८३ आणि १७८५च्या सनदा निघाल्या. पोर्तुगालचं म्हणणं, पेशव्यांनी आम्हाला या गावांचं सार्वभौमत्व दिलं आणि त्यातच तिथवर जाण्यायेण्याचा हक्क आला. भारताचं म्हणणं, हा तह रीतसर झालेलाच नाही, आणि झाला असला तरी दिला तो फक्त वसूल.

कोर्टानं दोघांचंही अर्धं अर्धं मानलं. अठराव्या शतकातला तह आजच्या रीतीरिवाजांनी तपासता येणार नाही. मराठ्यांच्याच नंतरच्या कागदांत त्याचा उल्लेख येतो, म्हणजे मराठ्यांनी तो तह मानला होता. पण दिलं काय? जहागीर किंवा सरंजाम, म्हणजे गावांचा महसूल घेण्याचा हक्क. मराठ्यांना मुलूख कायमचा तोडून द्यायचा असे तेव्हा ते तसं स्पष्ट लिहीत, इथे तसं काहीच लिहिलेलं नाही. आणि सरंजाम सरकारला वाटलं तर काढून घेता येतो. तो चालू आहे तोवर गावं मराठ्यांच्याच मुलखातली. आपल्याच मुलखातल्या सरंजामदाराच्या येण्याजाण्यातून दोन देशांमधला हक्क उभा राहत नाही.

विचार करा, मोरारजी आणि यशवंतरावांच्या मुंबई राज्यानं वेढलेल्या गावांचा वाद हेगमध्ये चालू आहे आणि देशोदेशीचे न्यायाधीश पेशवाईतला सरंजाम म्हणजे काय यावर खल करतायत!

पुढे इंग्रज आले. त्यांना ही गावं पोर्तुगीजांच्या ताब्यात दिसली आणि मराठ्यांचे वारस म्हणून त्यांनी त्यावर हक्क सांगितला नाही. कोर्ट म्हणतं, इथून पोर्तुगालचं सार्वभौमत्व प्रत्यक्ष व्यवहारात मानलं गेलं, आणि स्वतंत्र भारतानंही ते न बोलता चालू ठेवलं. १२ एप्रिल १९६०चा निकाल थोडक्यात असा :

खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना १९५४ साली वाटेचा हक्क होता : ११ विरुद्ध ४.
सैन्य, सशस्त्र पोलीस, हत्यारं आणि दारूगोळा यांना तो हक्क नव्हता : ८ विरुद्ध ७.
भारतानं १९५४मध्ये वाट अडवली त्यात आपलं कर्तव्य मोडलं नाही : ९ विरुद्ध ६.

आता सांगा, यातलं किती 'भारत जिंकला' या दोन शब्दांत मावतं?

सह्याद्रीपुत्र

धागा उत्तम, पण शेवटचा प्रश्न मला पटला नाही. निकालानंतर पोर्तुगालचा एक तरी शिपाई सिल्वासाला पोचला का? नाही. ज्यासाठी त्यांनी दावा लावला ते त्यांना मिळालं नाही. मग जिंकलो म्हणण्यात गैर काय? ज्यांनी जीव धोक्यात घालून ती गावं सोडवली त्यांच्या कामाला असा काथ्याकूट करून कमीपणा येऊ नये एवढंच वाटतं.

उत्तरकोकणी

सह्याद्रीपुत्र, त्या माणसांच्या कामाला कमीपणा येण्याचा प्रश्नच नाही. उलट निकाल नीट वाचला की त्यांनी केलेल्या कामाचं वजन आणखी कळतं. कोर्टानं म्हटलं की १९५४पर्यंत पोर्तुगालचं सार्वभौमत्व मानलेलं होतं. म्हणजे 'कागदावर ती गावं आमचीच होती' हा दिलासा हेगनं आपल्याला दिलेला नाही. जे बदललं ते लोकांनी उठून बदललं. कोर्टानं फक्त एवढंच सांगितलं की ते उलटवण्यासाठी भारताच्या हद्दीतून फौज नेता येणार नाही. आणि तेही एका मतानं. आठ विरुद्ध सात. एक न्यायाधीश पलीकडे गेला असता तर १९६० सालच्या भारत सरकारपुढे फार अवघड प्रश्न उभा राहिला असता. ही गोष्ट विजयाच्या घोषणेत दडून जाते, याचं मला वाईट वाटतं.

मामलेदार_निवृत्त

माझी सगळी नोकरी महसुलात गेली. तुमचं लिखाण वाचताना शेतरस्त्याचे दावे आठवले. आपल्याकडे दोन वेगळी कलमं आहेत. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६चं कलम ५ : आधीपासून वहिवाट होती आणि कुणी अडवली, तर अडथळा काढायचा. जमीन महसूल संहितेचं कलम १४३ : शेताला वाटच नाही, तर गरज बघून बांधावरून नवी वाट द्यायची. पहिल्यात पुरावा वहिवाटीचा, दुसऱ्यात गरजेचा. पोर्तुगालनं यातलं कुठलं मागितलं होतं? आणि वहिवाट असेल तर पुरावा काय दिला? आमच्याकडे स्थळपाहणी, पंचांचे जबाब, जुने नकाशे असं सगळं लागायचं.

उत्तरकोकणी

मामलेदारसाहेब, तुम्ही नेमकं मर्मावर बोट ठेवलंत. पोर्तुगालनं दोन्ही मागितलं होतं. चहूबाजूंनी वेढलेल्या जमिनीला वाट द्यायची असते हे जगभरच्या जमीन कायद्यांत आहे, तेच तत्त्व देशांनाही लावा, असा त्यांचा एक मोठा युक्तिवाद होता. म्हणजे तुमचं कलम १४३. कोर्ट तिकडे गेलंच नाही. या दोन देशांमधली वहिवाट सिद्ध होते आहे, मग सर्वसाधारण तत्त्वं चाळायची गरज नाही, असं म्हणून ते तुमच्या कलम ५वर थांबलं.

भारताचा आक्षेप होता की रूढी म्हटली तर पुष्कळ देश हवेत, दोघांपुरती रूढी कशी असेल? कोर्टानं सांगितलं, दोन देशांनी वर्षानुवर्षं एक प्रघात पाळला आणि आपले व्यवहार त्यानं चालतात असं दोघांनी मानलं, तर दोघांपुरताही हक्क तयार होतो. सव्वाशे वर्षांचा एकसारखा प्रघात होता. आंतरराष्ट्रीय कायदा शिकवताना आजही हा खटला या एका मुद्द्यासाठी शिकवतात.

पुरावा म्हणाल तर पत्रव्यवहार. मुंबई सरकार आणि पोर्तुगीज सरकार यांच्यातली जुनी पत्रं, करार, परवाने. त्यातला १९४०चा एक करार तर तुमच्या दप्तरातला वाटेल. दमणहून दादरामार्गे नगर हवेलीला पोर्तुगीज सशस्त्र पोलीस जाणार असतील आणि ते दहापेक्षा जास्त नसतील, तर गेल्यावर चोवीस तासांत ब्रिटिश अधिकाऱ्यांना कळवलं तरी चालेल. दहाच्या वर असतील तर पूर्वीप्रमाणे आधी संमती घ्यायची. असल्या कागदांवरच कोर्टानं निर्णय दिला. ज्याला परवानगी लागते तो हक्क नव्हे. १८७८च्या इंग्रज-पोर्तुगीज तहातही एकमेकांच्या मुलखात फौज न्यायची तर रीतसर विनंती करायची असं होतं, आणि १८९०मधल्या एका पत्रात गोव्याच्या सरकारनंच लिहून दिलं होतं की आमचं सैन्य आधी परवानगी घेतल्याशिवाय ब्रिटिश हद्द ओलांडत नाही. साठ-सत्तर वर्षांनी तेच पत्र त्यांना आडवं आलं.

मुलकी माणसं आणि माल मात्र अशा परवानगीविना, नेहमीच्या जकात-तपासणीसह ये-जा करत होती. म्हणून तिथे हक्क मानला.

मामलेदार_निवृत्त

म्हणजे कोर्टानं मागणीचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याला त्याचा पुरावा लावला. असंच करायला हवं. आमच्याकडेही बैलगाडीची वाट सिद्ध झाली म्हणजे ट्रॅक्टरची होतेच असं नाही.

ऋतुगंध

दोन प्रश्न आहेत. पहिला, मुलकी लोकांना हक्क होता असं म्हटलं तर भारतानं तो अडवला होता ना? मग कर्तव्य मोडलं नाही असं कसं? दुसरा, कुठेतरी वाचलं की या खटल्यात भारतातर्फे छागला न्यायाधीश होते. आपलाच माणूस न्यायाधीश म्हणून कसा चालतो?

वकिली_पुणे

ऋतुगंध, पहिल्याचं उत्तर : हक्क होता, पण भारताच्या नियमन आणि नियंत्रणाच्या अधीन. दादरा पडल्यावर भोवतालच्या भारतीय भागात वातावरण तापलेलं होतं. अशा वेळी भारतानं ये-जा थांबवली ती या नियंत्रणाच्या अधिकारात बसते, असं नऊ जणांना वाटलं. सहा जणांना वाटलं नाही. हा भाग मलाही थोडा ठिसूळ वाटतो, कारण नियंत्रणाच्या नावाखाली हक्क पूर्ण बंद करता येत असेल तर हक्काला उरलं काय? पण जुलै १९५४ची परिस्थिती अपवादात्मक होती हेही खरं.

दुसऱ्याचं उत्तर : हेगच्या पीठावर १५ कायम न्यायाधीश असतात, नऊ वर्षांसाठी निवडलेले, दर तीन वर्षांनी पाच जागा भरल्या जातात. खटल्यातल्या देशाचा नागरिक पीठावर नसेल तर त्या देशाला त्या खटल्यापुरता एक न्यायाधीश नेमता येतो. भारतानं मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांना नेमलं, पोर्तुगालनं फर्नांडिस यांना. युक्तिवादाला आपले महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड होते. दोन्ही नेमलेल्या न्यायाधीशांनी शेवटी बहुमताविरुद्ध मतं नोंदवली. याला पक्षपात म्हणायचा मोह होतो, पण त्या तरतुदीमागचा हेतू वेगळा आहे. आपली बाजू पूर्ण समजणारा एक माणूस बंद दाराआड चर्चेत आहे, हा विश्वास असला तरच देश या कोर्टापुढे यायला तयार होतात. छागलांचं मत वाचा, मुंबईच्या न्यायमूर्तींचा कस त्यात दिसतो.

सीमाभाग

बेळगावहून लिहितो आहे. आमच्याकडे दर निवडणुकीला कुणीतरी म्हणतं की सीमाप्रश्न हेगला न्या. ते शक्य आहे का? आमच्या लोकांची पासष्ट-सत्तर वर्षं यात गेली आहेत, म्हणून मनापासून विचारतो.

वकिली_पुणे

नाही, शक्य नाही. या न्यायालयापुढे फक्त सार्वभौम देश पक्षकार होऊ शकतात, हे त्याच्या संविधीच्या, म्हणजे न्यायालयाच्या मूळ नियमांच्या, कलम ३४मध्येच आहे. भारतातली दोन राज्यं भांडली तर जागा सर्वोच्च न्यायालय, घटनेचं कलम १३१. महाराष्ट्रानं २००४ साली तोच दावा दाखल केलेला आहे आणि तो तिथेच चालायचा. तुमच्या प्रश्नामागची तळमळ समजते. पण हेगची आशा दाखवणारा माणूस तुम्हाला चुकीच्या दाराशी उभं करतो आहे.

सह्याद्रीपुत्र

संमतीचा मुद्दा मला अजून नीट उमगला नाही. संमती लागते म्हणता, मग कुलभूषण जाधवांच्या खटल्यात पाकिस्तान हजर कसा झाला? ते काय राजीखुशीनं आले?

वकिली_पुणे

संमती दरवेळी नव्यानं द्यावी लागत नाही, ती जुनी असू शकते. १९६३च्या व्हिएन्ना वाणिज्यदूत कराराला एक जोड-करार आहे : या करारावरून वाद झाला तर हेगचं न्यायालय निकाल देईल. भारत आणि पाकिस्तान दोघांनीही तो मान्य केलेला होता. परदेशी माणसाला अटक केली तर त्याच्या देशाला कळवायचं आणि वकिलातीच्या अधिकाऱ्यांना भेटू द्यायचं, हे त्या करारातलं कलम ३६. म्हणून भारतानं दावा फक्त तेवढ्यावर उभा केला. जाधव हेर आहेत की नाहीत, हा प्रश्न कोर्टापुढे आणताच आला नसता.

१० एप्रिल २०१७ला फाशीची शिक्षा जाहीर झाली, ८ मेला दावा, आणि १८ मेला अंतिम निकालापर्यंत फाशी देऊ नका असा एकमतानं अंतरिम आदेश. १७ जुलै २०१९ला निकाल, १५ विरुद्ध १. पाकिस्ताननं कलम ३६ मोडलं, वकिलातीची भेट द्या, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा. पण शिक्षा रद्द करा आणि सुटका करा ही भारताची मागणी कोर्टानं नाकारली. इथेही मागणीचे तुकडे पडले, मामलेदारसाहेब म्हणाले तसे. नागपूरच्या हरीश साळव्यांनी भारताची बाजू मांडली, त्याचा आपल्याला अभिमान आहेच, पण तेव्हाही वाहिन्यांवर 'दणदणीत विजय' एवढंच होतं आणि जाधव अजून तिथेच आहेत.

उलट उदाहरणही घ्या. १० ऑगस्ट १९९९ला कच्छजवळ आपल्या हवाई दलानं पाकिस्तानचं अटलांटिक विमान पाडलं, आतले सोळाही जण गेले. पाकिस्तान हेगला गेला. भारतानं १९७४च्या घोषणापत्रात लिहून ठेवलं होतं की राष्ट्रकुलातल्या देशांशी (पाकिस्तानही त्यात आला) असलेले वाद तुमच्यापुढे चालणार नाहीत. २१ जून २००० रोजी कोर्टानं १४ विरुद्ध २ मतांनी अधिकार नसल्याचं सांगितलं. चूक कुणाची याचा विचारसुद्धा झाला नाही. त्याच घोषणापत्रात आणखी एक अट होती : समोरच्या देशानं कोर्टाचा अधिकार मान्य करून बारा महिने झाले नसतील तर त्याचा दावा चालणार नाही. धागा वाचलेल्यांना सांगायला नको की ही अट कुठल्या तीन दिवसांवरून शिकलेली आहे.

लायडेनकर

मी हेगपासून जवळच राहतो. जाधव खटल्याची फेब्रुवारी २०१९मधली सुनावणी ऐकायला गेलो होतो. शांतता प्रासादाच्या फाटकाबाहेर थंडीत रांग होती. आत उंच रंगीत काचा, एका लांब मेजामागे काळे झगे आणि गळ्याशी पांढरी झालर घातलेले न्यायाधीश, समोर दोन्ही देशांची वकील मंडळी. मी आपल्याकडची कोर्टं पाहिली आहेत, त्यामुळे एक गोष्ट फार जाणवली. न्यायाधीश मधे जवळजवळ बोलतच नाहीत. वकील तासन्‌तास लिहून आणलेलं वाचतात, कारण ते शब्द फ्रेंच आणि इंग्रजीत एकाच वेळी सगळ्यांच्या कानात जात असतात. घणाघाती भाषणाला तिथे काही किंमत नाही. खरं काम आधीच कागदांवर झालेलं असतं. सुनावणीआधी दोन्ही बाजूंची निवेदनं आणि प्रत्युत्तरं दाखल होतात, जोडपत्रांसह शेकडो पानं. दहा पोलिसांचा करार अशाच कुठल्यातरी जोडपत्रात सापडला असणार.

ऋतुगंध

आणि निकाल दिला पण देशानं ऐकलाच नाही तर? पोलीस तर नाहीत यांच्याकडे.

लायडेनकर

नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम ९४प्रमाणे निकाल न पाळणाऱ्या देशाविरुद्ध सुरक्षा परिषदेत जाता येतं, पण तिथे नकाराधिकार आहे. निकाराग्वानं अमेरिकेविरुद्धचा खटला जून १९८६मध्ये जिंकला. अमेरिकेनं तिथल्या बंडखोरांना शस्त्रं पुरवणं, बंदरांत सुरुंग पेरणं, सगळं बेकायदा ठरलं. अमेरिकेनं निकाल मानला नाही आणि अंमलबजावणीचा ठराव सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरून पाडला. लहान देशाच्या वाट्याला आलेला हा अन्याय आहे, त्याला दुसरं नाव नाही.

तरी हे चित्र पूर्ण नाही. बाकासी द्वीपकल्प बघा. तेलाचा पट्टा, नायजेरियाची फौज तिथे बसलेली. २००२ साली कोर्टानं ते कॅमेरूनचं ठरवलं. नायजेरियात प्रचंड राग होता. पण संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीनं बोलणी झाली, २००६मध्ये फौज निघाली, २००८मध्ये पूर्ण ताबा दिला गेला. लिबियानंही १९९४च्या निकालानंतर औझूची पट्टी चाडला सोडली. आपण स्वतः २०१४मध्ये बंगालच्या उपसागरातला लवादाचा निवाडा मानला. वादातल्या सुमारे २५,६०० चौरस किलोमीटरपैकी साडेएकोणीस हजार बांगलादेशकडे गेले, तरीही. राज्यकर्त्यांना काही वेळा स्वतःहून सोडता न येणारी गोष्ट निकालाच्या आधारानं सोडता येते. माझ्या मते या कोर्टाचा खरा उपयोग इथे आहे.

दमणगंगा

सगळी चर्चा वाचली. मी सिल्वासाची. वापीहून सिल्वासाला येताना आजही दादरा ओलांडावं लागतं, तोच रस्ता. माझं सासर वारली. उत्तरकोकणीदादा, तुम्ही मनापासून लिहिलंत, पण एक विचारते. पेशव्यांनी कुणाला काय दिलं, इंग्रजांनी काय मानलं, पोर्तुगीज पोलीस दहा होते की अकरा, हे सगळं न्यायाधीशांनी तपासलं. त्या गावांत वारली, कोकणा, धोडिया हे आदिवासी राहत होते. जंगल त्यांचं, वेठ त्यांनी केली. त्यांना काय हवं होतं हे त्या निकालात कुठे आहे का?

उत्तरकोकणी

दमणगंगाताई, नाही. निकालाच्या निर्णायक भागात तर कुठेच नाही. पोर्तुगालनं मागितली वाट, आणि कोर्टानं उत्तर दिलं वाटेचं. १९५४नंतर तिथं वरिष्ठ पंचायतीचा कारभार चालू होता, १९६१मध्ये पंचायतीनंच विलीनीकरणाचा ठराव केला आणि ११ ऑगस्ट १९६१पासून प्रदेश भारतात आला. पोर्तुगालनं ते मान्य केलं १९७४च्या अखेरीस, लिस्बनमध्ये हुकूमशाही पडल्यावर. यातल्या कुठल्याही टप्प्यावर हेगनं गावांतल्या माणसांचं म्हणणं ऐकलं नाही, कारण कुणी विचारलंच नव्हतं. तुमचा प्रश्न रास्त आहे आणि या निकालाची सगळ्यात मोठी उणीव तीच आहे.

लायडेनकर

ताई, पुढे थोडं बदललं आहे. १९७५मध्ये पश्चिम सहाराबद्दल मत देताना याच न्यायालयानं मोरोक्कोच्या सुलतानाशी असलेले जुने संबंध तपासले, आणि शेवटी म्हटलं की त्यांच्यामुळे तिथल्या लोकांचा स्वयंनिर्णयाचा हक्क बाधित होत नाही. हिंदी महासागरातल्या, ब्रिटनच्या ताब्यातल्या चागोस बेटांच्या प्रकरणात, सप्टेंबर २०१८मध्ये, मॉरिशसनं सुनावणीत एका चागोसी बाईंची चित्रफीत दाखवली. बेटावरून जहाजात घालून कसं हाकललं गेलं हे त्यांनी स्वतःच्या क्रिओल बोलीत सांगितलं, आणि एरवी मख्ख बसणारं पीठ ते ऐकत होतं. फेब्रुवारी २०१९ला १३ विरुद्ध १ मत आलं की ब्रिटननं बेटांवरचा कारभार लवकरात लवकर संपवावा. ते मत सल्ल्याच्या स्वरूपाचं होतं, आदेश नव्हे. तरी त्याच्या दबावानं ब्रिटनला मॉरिशसशी बोलणी करावी लागली आणि मे २०२५मध्ये करारावर सह्या झाल्या. त्या करारातही बेटावरच्या लोकांना पुरेसं विचारलं नाही अशी चागोसींची तक्रार आहेच.

दमणगंगा

चित्रफितीचं माहीत नव्हतं, शोधून पाहते. आमच्याकडे १९५४ पाहिलेली दोन-तीन म्हातारी माणसं अजून आहेत. रात्री काय झालं, नाक्यावर कोण होतं, पोर्तुगीज साहेब गेल्यावर वेठ बंद झाली की नाही, हे त्यांना आठवतं. वारलीत बोलतात. मी रेकॉर्ड करून इथे मराठीत उतरवून टाकीन.

मामलेदार_निवृत्त

जरूर टाका. नाव, गाव, वय आणि रेकॉर्ड केल्याची तारीख सुरुवातीलाच त्यांच्या तोंडून बोलवून घ्या, आणि मूळ वारलीतलं रेकॉर्डिंग जपून ठेवा.